उन्हाळ्यात मासा जातो कुठे?

मे महिन्यात आमच्या निर्मलला पारा ४३-४४ वर गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नेमक्या त्याच वेळी सुट्टीला घरी आलेली आमच्यासारखी चार पोरं गळ घेऊन स्वर्णा धरणावर जायची. तीन-चार तास उन्हात बसायचं आणि डोकं धरून रिकाम्या हाताने परत यायचं. "धरणात मासेच राहिले नाहीत," हे आमचं ठरलेलं वाक्य. एकदा मामा म्हणाला, "मासे आहेत रे. तुम्हाला ऊन लागतं तसं त्यांनाही लागतं, आणि त्यांना तुमच्यापेक्षा अक्कल जास्त."

मामाचं म्हणणं विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर सगळा खेळ पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सातच्याही किंचित खाली. दुसरीकडे, मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याचं शरीर तापतं आणि श्वासाची गरज वाढते. दहा अंश वाढले तर ही गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे खर्च दुप्पट आणि पगारात कपात. असा मासा गळामागे धावत नाही, जिथे दम कमी लागेल तिथे गप्प राहतो.

ती जागा कोणती? मला वाटायचं, सगळ्यात खोल पाणी. ते अर्धंच खरं. उन्हाळ्यात खोल जलाशयात वरचा थर तापून हलका होतो, खालचा थंड राहतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला ऑक्सिजन खाऊन टाकतो. त्यामुळे मासा बऱ्याचदा मधल्या थरात असतो, नाहीतर जिथे पाणी हलतं तिथे: कालव्याच्या तोंडाशी, पुलाच्या खांबांच्या सावलीत, किंवा वारा ज्या काठावर लाटा आणून आपटतो त्या काठाला. आम्ही नेमके उलट्या काठाला बसायचो, कारण तिथे पाणी शांत आणि बसायला झाड.

वेळेचंही तसंच. "पहाटे लवकर जा" असं सगळेच सांगतात. मोठ्या धरणावर ते ठीक आहे. पण गावाच्या हिरव्यागार पाण्याच्या तलावात, ज्याला इकडे चेरुवु म्हणतात, रात्रभर शेवाळसुद्धा ऑक्सिजन वापरत असतं. दिवसभर ते ऑक्सिजन तयार करतं, रात्री खातं. म्हणून सूर्योदयाच्या आधी तिथे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले तर ती भूक नव्हे, त्यांचा जीव गुदमरत असतो. ऊन येऊन तास-दोन तास झाले की ते जरा सावरतात. तलावावर ती वेळ बरी, किंवा मग संध्याकाळ.

या सगळ्याला अपवाद मरळ. तेलुगूत कोर्रमीनू, तेलंगणाचा राज्यमासा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेणारी पोकळी असते, त्यामुळे तो थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळतो आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही टिकतो. काठावरच्या बेशरमीच्या झुडपाखाली पाण्यावर छोटा बुडबुडा फुटला की समजायचं. (आपला गळ आणि तेलुगूतला गालम, दोन्ही एकच वस्तू. आमच्या घरात दोन्ही शब्द चालतात.)

खाऱ्या पाण्याचं गणित वेगळं, आणि ते आम्हा नदीकाठच्यांना उशिरा कळतं. त्याच तापमानाला समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन आणखी कमी मावतो, ३० अंशांना सहाच्या थोडा वर. पण समुद्र एवढा मोठा की तो दुपारपुरता तापत नाही, शिवाय सतत हलत असतो. म्हणून कोकणातला गळवाला घड्याळात ऊन बघत नाही, तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भरतीचं ताजं पाणी खाडीत शिरू लागलं की त्याबरोबर जिताडा, तांबोशी आत येतात. ती वेळ भर दुपारी आली तर मात्र टोपी आपली आपण सांभाळायची.

पकडलेल्या माशाचं काय? उन्हात तो तासाभरात बिघडायला लागतो. आतडी आणि कल्ले काठावरच काढायचे, आणि किलोभर माशाला किलोभर बर्फ. बर्फ नसेल तर ओलं पोतं, सावली आणि लवकर घर. आणि काहीही झालं तरी अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरायचं नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला काठ वरून वाळलेला दिसतो, आत गाळ असतो, आणि पुढच्या पावलाला खोल पाणी.

आता यातला अवघड भाग. मे संपता संपता सोनच्या पुलाजवळ गोदावरीचे डोह उरतात. मासा कुठे आणि कधी असतो हे एकदा कळलं की असा डोह दोन दिवसांत रिकामा करता येतो. काही लोक ब्लीचिंग पावडर टाकून एका रात्रीत करतातही. पण त्या डोहातला मासाच पुढच्या पावसाचं बियाणं असतो. रोहू, कटला, मृगळ पावसाच्या पुरात अंडी घालतात, म्हणजे मेअखेरीस माद्यांच्या पोटात गाभोळी भरत आलेली असते. समुद्रात याच कारणासाठी यांत्रिक नौकांना बंदी असते: पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै.

आणि इकडे ७-८ जूनच्या सुमारास मृगशिरा कार्ते. आपला मिरग. त्या दिवशी तेलंगणात घरोघरी मासा शिजतो, हैदराबादला दम्याच्या लोकांना जिवंत मरळीच्या पिलासोबत औषध गिळायला देतात. मागणी सर्वात जास्त नेमकी तेव्हा, जेव्हा मादी गाभोळीने जड असते. सणाला मासा खाऊ नका असं मी म्हणणार नाही, मीही खातो.

मामा रोहिणी लागली की गळ गुंडाळून माळ्यावर टाकतो. मिरगाला तो बाजारातून तळ्यात वाढवलेला कटला आणतो, आणि मामी दरवर्षी म्हणते, "धरणाच्या माशाची चव याला नाही." मामा ऐकतो, गप्प जेवतो. गळ खाली येतो तो थेट दिवाळीनंतर.