मदत कामाच्या टेबलापर्यंत पोचायला हवी

दिल्लीतल्या सरोजिनी नगरातून गुरुग्रामला नोकरीला जाणाऱ्या तरुणाचा सकाळचा हिशेब बघा. मेट्रोच्या पिंक लाइनवर फक्त एक स्टेशन, आयएनएला गाडी बदलायची आणि यलो लाइनने थेट गुरुग्राम. प्रवास सोपा वाटतो. पण एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं अवघड करणारी स्थिती, असलेला मुलगा फक्त गाडीतला वेळ धरतो. क्वार्टरचा जिना, ओळखपत्राची शोधाशोध, सुरक्षा तपासणीची रांग, आयएनएची पायपीट, उतरल्यावर रिक्षाची वाट बघणं, हे सगळं हिशेबातून गळतं. रोज थोडा थोडा उशीर होतो आणि प्रोबेशन संपायच्या आत एचआरचं बोलावणं येतं. घरी एकच प्रश्न असतो, ‘अरे, दहा मिनिटं आधी निघायला काय होतं?’

दहा मिनिटं आधी निघावं, हे त्यालाही पाठ असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत: या मुलांना काय करायचं ते ठाऊक असतं, ते नेमक्या वेळी हातून घडत नाही. म्हणून रविवारी दिवाणखान्यात केलेला उपदेश मंगळवारी ऑफिसात उपयोगी पडत नाही. मदत जिथे काम अडतं तिथेच आणि तेव्हाच मिळावी लागते.

1902 साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्यानं दिली, तेव्हा त्यांनी दोष ‘नैतिक नियंत्रणा’चा मानला होता. आपल्या घरांत तो सूर अजून गेलेला नाही. मुलगा आळशी, बेफिकीर, जबाबदारीची जाणीव नसलेला ठरतो. वास्तविक जुळ्यांच्या अभ्यासांवरून या स्थितीतला आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश असल्याचं दिसतं. मुलाला रागावणारे वडील स्वतः आयुष्यभर किल्ल्या शोधत असतील, तर तो योगायोग असेलच असं नाही. मोठ्यांमध्येही हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास धरलं जातं.

शाळेत घंटा असते, वेळापत्रक असतं, वर्गशिक्षिका असतात आणि दप्तर तपासणारी आई असते. हा सगळा आधार नोकरीच्या पहिल्याच दिवशी निघून जातो. हुशार म्हणून ओळखला गेलेला मुलगा इथेच कोसळतो, आणि घरचे चक्रावतात.

तो आधार ऑफिसात नव्याने उभा करता येतो. त्यासाठी आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही. ‘सर, तोंडी सांगितलेलं माझ्याकडून निसटतं. दोन ओळी मेसेज केल्यात तर काम चुकणार नाही,’ एवढं बोललं तरी पुष्कळ वरिष्ठ ऐकतात. महिनाअखेरच्या अहवालाचे तुकडे पाडून प्रत्येकाला तारीख द्यावी आणि त्या तारखेला तो तुकडा कुणीतरी बघावा. ‘कुणीतरी बघणार आहे’ ही गोष्ट इथे औषधासारखी लागू पडते. कंटाळवाण्या कामाला शेजारी दुसरा माणूस आपलं काम करत बसला, तरी हात चालू राहतो. निदान उघड करायचं की नाही, हे मात्र मुलानेच ठरवावं. आईवडिलांनी परस्पर एचआरला फोन करू नये. तो सज्ञान आहे, आणि अशा फोनने त्याची पत जाते.

कामाची निवडही महत्त्वाची. सरोजिनी नगरच्या बाजारात एक्सपोर्टचे कपडे विकणाऱ्या पोराकडे पाहा. गिऱ्हाईक समोर, भाव तिथल्या तिथे ठरतो, फळ लगेच हातात, पाय सतत हलते. अशा कामात या मुलांचं लक्ष टिकायला मदत होते. असा मुलगा रात्री स्टॉकची वही आणि जीएसटीची बिलं घेऊन बसला की गाडं अडतं. तेव्हा विक्री त्याच्याकडे आणि वही दुसऱ्याकडे, अशी वाटणी शहाणपणाची. एडीएचडी म्हणजे दैवी देणगी, असं हल्ली म्हटलं जातं. मला ते पटत नाही. दर काही महिन्यांनी नोकरी गमावणाऱ्याला त्या वाक्याने धीर येत नाही, उलट त्याचा त्रास खोटा ठरतो.

औषधांनी बऱ्याच जणांना खरा फरक पडतो. मिथाइलफेनिडेट हे औषध एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत असल्याने डॉक्टरांची चिठ्ठी लागते, शिवाय ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. म्हणून गोळ्या संपण्याआधीच दुकानाची चौकशी करावी. अॅटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय. दोन्हींत नाडी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. सरोजिनी नगरकरांना सफदरजंग आणि एम्स ही दोन्ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि कुठूनही 14416 या टेलिमानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर बोलता येतं. गोळी लक्ष सावरते, कामाचं नियोजन मात्र शिकावं लागतं. बॉस्टनमध्ये औषध चालू असूनही त्रास उरलेल्या प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात (2010) नियोजनाची कौशल्यं शिकवणाऱ्या वर्तनोपचाराचा स्पष्ट फायदा दिसला.

कायद्याचा आधार अर्धवट आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. तरी 11 फेब्रुवारी 2021चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल लक्षात ठेवावा. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. वाजवी सोय मागण्यासाठी टक्केवारी ही अट नाही, हा त्यातला धागा एडीएचडीच्या मुलांनाही पुढे नेता येईल.

एक धोका घरच्यांना उशिरा कळतो. नोकरी काढून घेतली जाते त्याआधी कित्येकदा मुलगाच रागाच्या भरात सोडून मोकळा होतो. साहेब चारचौघांत बोलले, आणि दुपारी राजीनाम्याचा मेल गेला. याविषयी घरात आधीच, शांतपणे बोलणं व्हावं. राजीनामा लिहावासा वाटला तर जरूर लिहावा, पण तो तीन दिवस ड्राफ्टमध्ये राहील आणि त्याने स्वतः निवडलेला एक माणूस, मामा असो की जुना मित्र, तो वाचेल. त्या तीन दिवसांत विभाग किंवा पाळी बदलून मिळेल का, हे ऑफिसात लेखी विचारावं.