हा फोटो नेमका कुणाचा? गेर्डा तारोची गोष्ट

"फोटोंवर कसली गं पीएचडी?" सुट्टीत घरी गेले की हा प्रश्न ठरलेला. आधी मी 'आर्काइव्ह', 'पद्धतीशास्त्र' वगैरे शब्द टाकून बघायचे. समोरचा चहात बिस्कीट बुडवायला लागायचा. आता सरळ गेर्डा तारोची गोष्ट सांगते.

तिचं मूळ नाव गेर्टा पोहोरिले. जन्म १ ऑगस्ट १९१०, जर्मनीतल्या श्टुटगार्टमधल्या ज्यू कुटुंबात. १९३३ मध्ये नाझीविरोधी पत्रकं वाटल्याच्या आरोपावरून तिला अटक झाली. सुटल्यावर तिनं पॅरिस गाठलं. तिथे तिच्यासारखाच परागंदा झालेला हंगेरियन फोटोग्राफर एन्द्रे फ्रीडमान भेटला. त्यानं तिला कॅमेरा शिकवला, तिनं त्याचे फोटो विकायला मदत केली. पण निर्वासिताच्या फोटोला भाव कोण देणार? मग दोघांनी नावंच बदलली. तो झाला रॉबर्ट कापा, ती झाली गेर्डा तारो.

ऑगस्ट १९३६ मध्ये दोघं स्पेनच्या यादवी युद्धात पोचले, फ्रँकोविरोधी प्रजासत्ताकाच्या बाजूनं. वर्षभरात तारो स्वतःच्या नावावर काम करू लागली. २५ जुलै १९३७ ला ब्रुनेतेच्या लढाईत माघार सुरू असताना ती जखमींना नेणाऱ्या मोटारीच्या पायरीवर उभी होती. ताबा सुटलेला एक रणगाडा मोटारीवर आदळला. दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हा ती २६ वर्षांची होती. १ ऑगस्टला, म्हणजे बरोबर तिच्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये अंत्ययात्रा निघाली आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. युद्धाचं चित्रण करताना आघाडीवर मरण पावलेली ती पहिली महिला छायाचित्रकार मानली जाते.

आता खरा प्रश्न. एवढी प्रसिद्ध बाई पुढची पन्नासेक वर्षं 'कापाची मैत्रीण' एवढीच कशी उरली?

एक कारण अगदी साधं आहे: मागे सांभाळणारं कुणी नव्हतं. तिचं कुटुंब नाझींच्या नरसंहारात संपलं. कापा १९५४ मध्ये इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून गेला, पण त्याचा भाऊ कॉर्नेल मागे होता. त्यानं भावाचं काम जपलं आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कला 'इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी' ही संस्था उभी केली. दुसरं कारण म्हणजे शिक्के. तेव्हा फोटोच्या मागे एजन्सीचा किंवा फोटोग्राफरचा शिक्का मारत. सुरुवातीला दोघांचं काम बऱ्याचदा 'कापा' या नावानंच जायचं. मग 'कापा आणि तारो' असा जोडशिक्का आला, आणि शेवटी नुसता 'तारो'. पुढे ज्या फोटोंवर शंका, ते आपोआप मोठ्या नावाच्या खात्यात जमा होत गेले.

हे उलगडायचं कसं? इथे आमचं काम सुरू होतं.

पहिला धागा फ्रेमच्या आकाराचा. १९३६ मध्ये कापाकडे लायका होता, त्याची फ्रेम आयताकृती. तारोचा कॅमेरा चौकोनी फ्रेम देणारा. बार्सिलोनाजवळच्या किनाऱ्यावर गुडघा टेकून पिस्तूल रोखणारी, उंच टाचांचे बूट घातलेली स्त्री-सैनिक आठवते? तो चौकोनी फोटो तारोचा. पण ही युक्ती १९३७ मध्ये फसते, कारण तेव्हा तारोनंही लायका हातात घेतला.

दुसरा धागा छापील पुरावा: कोणत्या तारखेच्या मासिकात कुणाच्या नावे फोटो आला, आणि त्या दिवशी दोघांपैकी कोण कुठे होतं. तिसरा आणि सगळ्यात भक्कम धागा शेजारच्या फ्रेम्सचा. एकटा फोटो मुका असतो. अख्खा रोल समोर आला की आधी काय टिपलं, नंतर काय, एकाच प्रसंगाकडे कुणी कुठून पाहिलं, हे कळतं.

पण रोल होते कुठे? १९३९ मध्ये कापा अमेरिकेला गेला. निगेटिव्ह मागे राहिल्या. त्याच्या डार्करूममधला सहकारी चिकी वाइस यानं नंतर लिहिलंय की त्या पाठपिशवीत भरून त्यानं सायकलवरून बोर्डोला नेल्या. पुढे त्या एका मेक्सिकन राजनैतिक अधिकाऱ्याकडे पोचल्या. अखेर डिसेंबर २००७ मध्ये तीन खोके न्यूयॉर्कच्या त्या संस्थेत आले: १२६ रोल, सुमारे ४५०० निगेटिव्ह. कापा, तारो आणि त्यांचा मित्र डेव्हिड सेमूर ऊर्फ शिम, तिघांच्या. यालाच 'मेक्सिकन सूटकेस' म्हणतात.

कापाच्या जगप्रसिद्ध 'कोसळणाऱ्या सैनिका'ची निगेटिव्ह त्यात असेल अशी अनेकांना आशा होती. ती नव्हती. पण मे १९३७ मधल्या बॉम्बहल्ल्यानंतर व्हॅलेन्सियाच्या शवागारासमोर फाटकाला खेटून उभे असलेले, आपलं माणूस शोधणारे चेहरे होते. ते तारोनं टिपलेले. कापाच्या नावावर असलेले काही फोटोही यामुळे तिच्याकडे परत आले.

तिचं चरित्र मात्र त्याआधीच लिहून झालं होतं. जर्मन अभ्यासक इर्मे शाबर यांनी १९९४ मध्येच ते प्रसिद्ध केलं, सूटकेस हाताशी नसताना. नशिबानं खोके सापडतात हे खरं, पण त्यात काय शोधायचं हे आधी कुणीतरी चिकाटीनं ठरवून ठेवलेलं असावं लागतं.

एक इशारा मात्र मी स्वतःलाच देत असते. अन्याय झालाय म्हणून प्रत्येक संशयित फोटो तारोच्या नावे करून टाकणं, हीसुद्धा चूकच. काही फोटोंखाली आजही दोन्ही नावं लिहावी लागतात, आणि तेच प्रामाणिक आहे.

माझ्या एक्सेलच्या तक्त्यात 'छायाचित्रकार' नावाचा एक रकाना आहे. कंटाळा आला की तिथे 'अज्ञात' टाइप करून पुढे जायचा मोह होतो. तेव्हा मोटारीच्या पायरीवर उभी असलेली ही २६ वर्षांची मुलगी आठवते, आणि मी फोटो उलटा करून मागचा शिक्का पुन्हा एकदा बघते.