'डब्ल्यू'चा टी आणि 'एम'चा टी

वर्डमधल्या एखाद्या फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटचं 'डॉक्सएक्स' पुसून 'झिप' लिहा आणि ती उघडा. आतल्या 'वर्ड' फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल सापडेल. आपला मजकूर तिथेच असतो, खुणांच्या गर्दीत. साध्या वाक्यातले शब्द 'डब्ल्यू:टी' या खुणेत, तर समीकरणातली अक्षरं 'एम:टी'मध्ये. टी तोच, पण पहिला साधा मजकूर, दुसरा गणिताचा.

१९९८ साली एक्सएमएल प्रमाण झालं तेव्हा खुणांची नावं ज्यानं त्यानं ठरवायची मुभा होती. दोन ठिकाणच्या खुणा एका फाइलीत आल्या की नावांची टक्कर ठरलेली. जानेवारी १९९९मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं त्यावर नेमस्पेसचा तोडगा काढला. सहसा फाइलीच्या सुरुवातीला जाहीर करायचं, की 'डब्ल्यू' म्हणजे अमुक लांबलचक पत्ता. तो दिसतो वेबसाइटसारखा, पण एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, तिथे जात नाही. अक्षराला अक्षर जुळतंय का, एवढंच पाहतो. खरी ओळख या पत्त्याची. 'डब्ल्यू' हा प्रीफिक्स त्या फाइलीपुरता. म्हणूनच स्कीमा, म्हणजे फाइलीत कोणत्या खुणा कशा याव्यात याचे नियम, लिहिताना कुणी 'एक्सएस' वापरतं, कुणी 'एक्सएसडी'. पत्ता एकच असल्यानं दोन्ही बरोबर.

हा नियम मला फार देखणा वाटतो. गाडी अडते ती प्रीफिक्स खुणेच्या नावातून निघून ॲट्रिब्यूटच्या, म्हणजे खुणेला जोडलेल्या गुणधर्माच्या, किमतीत शिरतो तेव्हा. स्कीमात 'टाइप'ची किंमत म्हणून अवतरणचिन्हांत 'एक्सएस:स्ट्रिंग' लिहितात. सामान्य पार्सरच्या लेखी ती नुसती अक्षरं. वर्डच्या फाइलीत तर 'इग्नोरेबल' नावाचं एक ॲट्रिब्यूट असतं आणि त्यात प्रीफिक्सची यादीच असते: हे कळले नाहीत तर सोडून द्या. आता पायथनच्या एलिमेंटट्री या लायब्ररीनं ही फाइल वाचून पुन्हा लिहिली, की आधी नोंदवून न ठेवलेले प्रीफिक्स 'एनएस०', 'एनएस१' असे बदलतात आणि न वापरलेल्यांची घोषणा गळते. खुणांचं काहीच बिघडत नाही, पत्ते शाबूत असतात. 'इग्नोरेबल'मधली यादी मात्र जुनीच राहते. त्यातल्या नावांना आता पत्ताच नाही, म्हणून वर्ड फाइल खराब झाल्याची तक्रार करतं. दोष नेमस्पेसचा नाही, किमतीत प्रीफिक्स लिहिण्याच्या सवयीचा आहे. अशा कामाला पायथनसाठीचंच एलएक्सएमएल बरं. ते मूळ प्रीफिक्स आणि घोषणा जशाच्या तशा ठेवतं.