आहेराची यादी करावी, लाजू नये

धान विकून घरात पैसा आला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लग्नाची बोलणी सुरू होतात, आणि उन्हाळ्यात एकाच दिवशी दोन-दोन मांडवांत हजेरी लावायची वेळ येते. मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलावर आहेराची वही आणि शेजारी चकचकीत कागदातल्या खोक्यांची उतरंड. पाहुणे पांगल्यावर खोकी फोडली की निघतात भिंतीवरची तीन घड्याळं, दोन लेमन सेट, न संपणाऱ्या कपबशा आणि अंगणभर उडणारे थर्माकोलचे दाणे. देणाऱ्याने पोटाला चिमटा काढून दिलेलं असतं. घेणाऱ्याकडे ते ठेवायला फळी नसते.

काय हवं ते नवरा-नवरीने आधीच सांगून ठेवलं तर हे टळतं. पण विषय निघाला की घरातली मोठी माणसं म्हणतात, “यादी धाडायची? हे तर मागणं झालं!”

हा सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज. १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ मध्ये नियम झाले. त्यांनुसार लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी वधू आणि वर दोघांनीही ठेवायची असते. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असल्यास तेही, आणि खाली दोघांच्या सह्या. फार थोड्या घरांत हे होतं. कायद्याला आक्षेप आहे तो मागणीवर. वरपक्षाने मुलीच्या घरी धाडलेली कपाट-पलंग-फ्रीजची यादी ही हुंड्याचीच मागणी. तिला आंदण म्हटल्याने ती सुटत नाही. म्हणून आहेराची यादी दोघांनी मिळून करावी, ती मित्रमंडळी आणि नातलगांपुरती असावी, विचारेल त्यालाच दाखवावी. पत्रिकेवर ती छापू नये आणि मुलीच्या आई-वडिलांपुढे तर ठेवूच नये. ही सीमा पाळली तर यादीत लाजण्यासारखं काहीही नाही.

अशी यादी ठेवायची पद्धत शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ मध्ये सुरू केली. त्यामुळे तिला मोठं दुकान किंवा मोबाइलचं अॅप लागतं असं अनेकांना वाटतं. वहीचं एक पान पुरतं.

“पर्यावरणाला धरून म्हणजे महाग,” हेही तितकंच चुकीचं, निदान या जंगलपट्ट्यात. बुरडाने विणलेलं सूप, टोपली किंवा परडी कोणत्याही पाहुण्याच्या आवाक्यातली वस्तू आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून वाढवलेलं एचएमटी धान आज दूरदूर पिकतं. पुण्या-नागपुरात नवा संसार थाटणाऱ्या जोडप्याला त्या तांदळाचं अर्धं पोतं दिलं तर एक दाणाही वाया जात नाही. स्टीलचा गंज, कुकर या वस्तूही यादीत खुशाल घालाव्यात. कुकर इंधन वाचवतो आणि स्टील जुनं झालं तरी भंगारात मोल राखतं. मोठी वस्तू चौघांनी मिळून द्यावी. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, बीएलडीसी पंखा तीसेक वॅट. रोज बारा तास फिरला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात पंखा बारा तासांवर थांबत नाही. कोशाच्या रेशमाची साडी मात्र स्वस्त नाही, हे मान्य करायला हवं.

बांबूला भुंगा लागतो, ही तक्रार खोटी नाही. खुर्चीच्या पायाशी पिठासारखी पिवळसर भुकटी दिसली की किडा आत शिरलाय समजावं. पण तो येतो बांबूतल्या पिष्टासाठी. कोवळा बांबू तोडला, प्रक्रिया केली नाही, तर भुंगा लागणारच. पक्का बांबू बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवला की खुर्ची, दिवा, शेल्फ वर्षानुवर्षं टिकतात. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे हीच कामं शिकवली जातात. बांबूची वस्तू घेणं म्हणजे जंगल तोडणं, असंही काहींना वाटतं. बांबू हे गवत आहे. नीट तोडणी केली तर त्याच बेटातून पुन्हा कोंब फुटतात. वनक्षेत्राबाहेरचा बांबू तर २०१७ मध्ये कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतूनही वगळला गेला.

नुसत्या नावावर मात्र भुलू नये. ‘बांबू फायबर’ म्हणून विकले जाणारे बरेच कप म्हणजे बांबूची भुकटी आणि मेलामाइनची राळ. गरम चहाने त्यातून फॉर्माल्डिहाइड झिरपू शकतं म्हणून युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. आहेर भरून देतात ती कापडासारखी दिसणारी नॉनवोव्हन पिशवीसुद्धा बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते.

रोपांचंही तसंच. मे महिन्यात मांडवात वाटलेलं रोप पंचेचाळीस अंशांच्या उन्हात किती दिवस तगणार? मोह, आवळा, जांभळाचं रोप द्यायचंच तर पाऊस स्थिरावल्यावर घरी नेऊन द्यावं.

रोख आहेरावर कर बसतो, ही भीतीही अनाठायी. लग्नानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटी आयकरातून मुक्त आहेत.

घरात लग्न ठरलं असेल तर दोघांनी एकत्र बसून दहा-बारा वस्तू लिहाव्यात, त्यातल्या निम्म्या तरी पाचशे रुपयांच्या आतल्या. पान एखाद्या मामेबहिणीकडे सोपवावं. कोणी काय देणार ते कळेल तसतशी तिने वस्तूवर काट मारत जावं. आणि प्रत्येकाला एवढं जरूर सांगावं, की वर चकचकीत कागद गुंडाळू नका.