स्वार्थ, साधना आणि मानवी उत्क्रांती

हिंदू विचारात मानवाचा विकास शरीरापाशी थांबत नाही. तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांचे विवेचन अन्नमयापासून आनंदमयापर्यंतची वाट दाखविते. या वाटेवर स्वार्थ नष्ट करावयाचा नसून ‘स्व’ची कक्षा विस्तारावयाची असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञकल्पनेनुसार, घेतलेल्याची परतफेड न करता केवळ भोगणारा चोर ठरतो. शहापूर तालुक्यातील तानसा (१८९२) व भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवितात. त्याच तालुक्यातील अनेक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जप, ध्यान, उपवास ही केवळ साधने होत. शहरवासी साधकाच्या ‘स्व’मध्ये हे पाडे सामावले किंवा नाही, हीच त्याच्या साधनेची कसोटी होय.