ताईंनी सांगितलं म्हणून

खांद्याला पिशवी, हातात नोंदवही आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून मुंबईच्या वस्त्यांमधून फिरणारी आरोग्य सेविका ही महापालिकेच्या आरोग्य व्यवस्थेतली सर्वांत खालची पायरी समजली जाते. तिच्या वर आरोग्य केंद्र, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘हेल्थ पोस्ट’, मग दवाखाना, प्रसूतिगृह आणि शेवटी शीव, केईएम, नायर ही मोठी रुग्णालयं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या लोकसंख्या प्रकल्पातून हेल्थ पोस्टचं हे जाळं विणलं गेलं. मूळ काम कुटुंबनियोजनाचं आणि माता-बालकांच्या आरोग्याचं होतं. पुढे पोलिओचे डोस, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, पावसाळ्यातलं तापाचं सर्वेक्षण अशी कामं एकावर एक चढत गेली. कोविडच्या काळात मुंबईच्या गरीब वस्त्यांमध्ये आरोग्याचं ज्ञान जेवढं पोहोचलं, त्यातला सगळ्यात टिकाऊ भाग या बाईने पोहोचवला असं माझं मत आहे. आणि हे मान्य केलं, तर ‘आरोग्य साक्षरता’ या शब्दाचा आपण लावलेला अर्थच बदलावा लागतो.

त्या शब्दाचा रूढ अर्थ असा की लोकांना माहिती नसते, ती दिली की ते शहाण्यासारखे वागतात. धारावीत कोविडचा पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. अडीच चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या त्या वस्तीत ८ ते १० लाख माणसं राहतात असा अंदाज सांगितला जातो. घरात राहा, अंतर ठेवा, २० सेकंद हात धुवा, हा संदेश तोवर प्रत्येक मोबाइलच्या कॉलर ट्यूनमधून आणि टीव्हीवरून घरोघर पोहोचला होता. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असतील तर अंतर कुठून आणायचं? ठरावीक वेळेलाच नळाला पाणी येत असेल तर दिवसातून दहादा हात कशाने धुवायचे? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या रक्तचाचणी सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडं आढळली, इतरत्र हे प्रमाण सुमारे १६ टक्के होतं. या तफावतीमागे दाट वस्ती आणि सामायिक शौचालयं असावीत, असं तेव्हाच सांगितलं गेलं. तिला अडाणीपणा म्हणणं हा त्या लोकांवर अन्याय आहे. माहिती होती, ती पाळायला जागा आणि पाणी नव्हतं.

अशा ठिकाणी उपयोगी पडणारं ज्ञान फार बारीक असतं. शौचालयाच्या रांगेतही मास्क खाली घ्यायचा नाही. घरात दम्याची किंवा मधुमेहाची म्हातारी असेल तर तिला दाराजवळ, वाऱ्याला झोपवायचं. ताप आला तर कुणाला सांगायचं आणि सांगितल्यावर आपल्याला कुठे नेतील? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा होता. शासकीय मराठीने ‘अलगीकरण’ आणि ‘विलगीकरण’ असे दोन शब्द दिले, एक संशयितांसाठी आणि दुसरा बाधितांसाठी. कागदावर फरक नेमका होता, पण कानाला दोन्ही सारखेच लागत होते. गल्लीत त्याचं सरळ भाषांतर झालं: ‘उचलून नेतात.’ ही भीती शब्दकोशाने जात नाही. कुठे नेणार, जेवण मिळेल का, पोरांकडे कोण बघणार, याची उत्तरं ओळखीच्या तोंडूनच ऐकावी लागतात. धारावीत ती मराठीत, हिंदीत, उर्दूत, तमिळमध्ये आणि कुंभारवाड्यात गुजरातीतही द्यावी लागतात.

ही भीती या शहराला जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला आणि घरझडत्या सुरू झाल्या. पुण्यात त्या झडत्यांचा संताप प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेला. मुंबईत मार्च १८९८ मध्ये विणकरांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. रोग खरा होता, रुग्ण वेगळे ठेवण्यामागचं वैद्यकीय कारणही बरंचसं खरं होतं. पण दारात उभा राहणारा माणूस परका होता आणि त्याच्यामागे शिपाई होते. त्याच प्लेगमध्ये पुण्याला सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या, १० मार्च १८९७ रोजी. दारात कोण येतं, यावर रोगाबद्दलचं बोलणं ऐकलं जातं की नाही हे ठरतं, याचे हे दोन पुरावे एकाच साथीतले आहेत.

२०२० च्या धारावीत महापालिकेने रुग्णाची वाट न पाहता त्याला शोधायला जायचं ठरवलं. खासगी डॉक्टर बरोबर घेतले. वस्तीत वर्षानुवर्षं पन्नास-शंभर रुपयांत तपासणारा डॉक्टर हाही ओळखीचाच चेहरा, म्हणून हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. गल्लोगल्ली ताप तपासणी शिबिरं लागली, शाळा आणि क्रीडासंकुल अलगीकरणासाठी घेतलं. सेविकांच्या हाती तापमापक आणि पल्स ऑक्सिमीटर आला. बोटाला लावायचा हा चिमटा एकच आकडा दाखवतो. ९५ च्या खाली गेला तर दम लागत नसला तरी डॉक्टरकडे जायचं. या आजारात माणूस चालता-बोलता असतानाच रक्तातला प्राणवायू घसरू शकतो, ही समजावायला कठीण गोष्ट त्या आकड्याने सोपी केली. बाई बोट धरून आकडा दाखवते, कालचा वहीत असतो, आजचा समोर दिसतो. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो कळतो. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी इटली, स्पेन, दक्षिण कोरियाच्या जोडीने धारावीचं नाव घेतलं. २५ डिसेंबरला तिथे एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की धारावीतून मोठ्या संख्येने मजूर गावी गेले, उरलेल्यांत संसर्ग आपोआप पसरून गेला, मग श्रेय सेविकांना कसं? साथ ओसरण्याचं संपूर्ण श्रेय त्यांना देता येणार नाही, हे मान्य. सर्वेक्षणाचे आकडे तेच सांगतात. पण माझा मुद्दा साथ कुणी थांबवली हा नाही. ताप लपवणारी वस्ती तपासणीच्या रांगेत उभी राहिली, आणि संसर्ग पसरला म्हणून ती रांग लागत नाही. दुसरा आक्षेप बंदोबस्ताचा: बॅरिकेड, पोलीस, सक्ती. ती होतीच. पण सक्तीने गल्लीचं तोंड बंद करता येतं; खोकला दाबून धरणाऱ्या माणसाला बोलतं करता येत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. एवढी माणसं दारोदार पाठवण्यापेक्षा ॲप स्वस्त. याचं उत्तर लसीकरणाने दिलं. २०२१ मध्ये कोविन पोर्टलवरची नोंदणी मराठीत यायला जून उजाडला. तोवर वस्तीत लस मिळवणं हे स्मार्टफोन, इंग्रजी आणि बोटांच्या चपळाईवर बऱ्याच अंशी अवलंबून राहिलं.

सेविकेचं वस्तीशी नातं तुटलं की काय होतं, हेही पाहायला मिळालं. कोविडच्या धामधुमीत बालकांचं नियमित लसीकरण मागे पडलं आणि २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराचा उद्रेक झाला. मुलं दगावली. तेव्हा पुन्हा घरोघरी पाठवल्या गेल्या त्या याच बायका.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. नावाने जबाबदारी कुटुंबावर टाकली, पण दारोदार चालली ती आशा कार्यकर्ती आणि आरोग्य सेविका. मुंबईतल्या या सेविकांना महापालिकेने वर्षानुवर्षं ‘स्वयंसेविका’ म्हटलं आणि पगाराऐवजी मानधन दिलं. किमान वेतनासाठी आणि कायम नोकरीसाठी त्यांना वारंवार आझाद मैदानात बसावं लागलं. पुढच्या साथीच्या तयारीवर खर्च करताना महापालिकेने आणि राज्याने आधी या बायकांचा पगार ठरवावा.