दुर्गम ग्रामीण जीवन आणि सेवाभावी साहाय्य : गडचिरोलीतील नवजात बालसेवा

पुण्याच्या शनिवार पेठेत व आसपासच्या पेठांत वार लावून, माधुकरी मागून शिकलेल्या खेड्यांतील विद्यार्थ्यांची परंपरा मोठी आहे. त्या दानाने विद्यार्थ्याचे आयुष्य घडले. त्याचे गाव मात्र बहुधा होते तसेच राहिले. साहाय्याने गावाचेच जीवन कसे पालटते, हे पाहण्यासाठी गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे कार्य आरंभिले. बाळंतपणे बहुतांशी घरीच होत आणि आजारी नवजात बालकेही घरीच दगावत. म्हणून १९९५ पासून ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब राखणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, इतकेच नव्हे तर जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या. अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई सोपविणे हे धाडसच होते. परंतु १९९३-९५ मध्ये दर हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये सुमारे २५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रयोगास फोर्ड व मॅकआर्थर प्रतिष्ठानांचे अनुदान लाभले होते. अनुदानाची मुदत संपते. आरोग्यदूताचे कौशल्य मात्र गावातच राहते. २०११ मध्ये केंद्र शासनाने ही पद्धती 'आशा' कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ६, तर घरी जन्मलेल्यासाठी ७ गृहभेटी ठरविण्यात आल्या.